मुलांच्या हातात दा विंची रिझॉल्व्ह: मोफत आवृत्तीचा १४ महिन्यांचा अनुभव

आमच्या गटातल्या एका मुलाने दोन महिने खपून सहा मिनिटांची फिल्म पूर्ण केली होती. शूटिंग फोनवर, एडिटिंगही फोनवरच, एका मोफत अॅपमध्ये. आम्ही ती मोठ्या पडद्यावर लावली आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या अॅपचा शिक्का दिसत राहिला. फोनच्या पडद्यावर तो कोणाला खटकला नव्हता. फिल्मच्या शेवटच्या शॉटमध्ये नायकाचा हात नेमका त्याच कोपऱ्यात येतो, हातात एक चिठ्ठी असते आणि गोष्टीचा सगळा जीव त्या चिठ्ठीवरच्या दोन ओळींत असतो. शिक्का त्या ओळींवरच बसला होता. कोणालाही चिठ्ठी वाचता आली नाही. मुलगा काही बोलला नाही. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, की मुलांना द्यायचं साधन आधी मी स्वतः शेवटच्या टोकापर्यंत वापरून पाहीन, मगच त्यांच्या हातात देईन. त्यातून दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आमच्याकडे आली. तिला आता १४ महिने झाले. मुलांसोबत फिल्म बनवणाऱ्या कोणाला हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठे उभी राहून बोलते आहे ते कळेल. मी २२ वर्षं एडिटर म्हणून काम केलं. सुरुवात टेपवरून टेपवर एडिटिंग करण्यापासून झाली. त्या पद्धतीत कार्यक्रमाच्या मध्यावर एक शॉट चार सेकंदांनी लांबवायचा म्हटला, तर त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागे. त्यामुळे थरथरत्या हाताने कट करायचा आणि एकदा केला की त्याचीच बाजू घेत राहायची, ही सवय लागली. मुलांना ती सवय लागू नये असं मला फार वाटतं. आता मी दर रविवारी तीन तास एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत ९ मुलांसोबत बसते. वयं १३ ते १८. सगळे मला मावशी म्हणतात.

रिझॉल्व्ह मूळचं रंगसंस्काराचं यंत्र. मोठमोठ्या स्टुडिओंत फिल्मचे रंग ठीक करायला दा विंची नावाची यंत्रं वापरली जात, आणि आमच्यासारख्या एडिटरांना त्या खोलीच्या दारातूनच परत यावं लागे. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती यंत्रं बनवणारी कंपनी विकत घेतली. पुढे यात एडिटिंग वाढत गेलं. २०१७ मध्ये आवाजासाठीचं फेअरलाइट आलं, २०१८ मध्ये दृश्यपरिणामांचं फ्यूजन आलं आणि २०१९ मध्ये झटपट कामासाठी कट नावाचं पान आलं. आम्ही वापरलेल्या आवृत्तीत पडद्याच्या तळाशी अशी सात पानं एका ओळीत दिसतात: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. फिल्मचा कच्चा माल डावीकडून आत शिरतो आणि उजवीकडून तयार होऊन बाहेर पडतो. चौदा वर्षांच्या मुलाला पोस्ट-प्रॉडक्शनचा क्रम समजावून सांगायला मला याहून सोपं चित्र मिळालेलं नाही.

आता मोफतचं. मोफत आवृत्तीला मुदत नाही. फिल्म कितीही लांबीची चालते. ३८४० बाय २१६० पिक्सेल आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत फाइल बाहेर काढता येते. शाळकरी मुलांच्याच काय, मोठ्यांच्या फिल्मलाही एवढं पुरून उरतं. बाहेर पडणाऱ्या फाइलवर शिक्का नसतो. याला एकच अपवाद आहे आणि तो मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवा. काही सोयी फक्त पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीच्या आहेत. अंधारात काढलेल्या शॉटमधला दाणेदारपणा घालवणारं नॉइज रिडक्शन त्यातलंच. माणसाला आपोआप पार्श्वभूमीपासून वेगळं करणारं मॅजिक मास्क आणि बोलणं ऐकून आपोआप सबटायटल लिहिणारी सोयही त्यातच. मोफत आवृत्तीतही काही स्टुडिओ इफेक्टची नावं यादीत दिसतात. असा इफेक्ट लावला की चित्रावर शिक्का उमटतो. तो इफेक्ट काढला की शिक्काही जातो. आमच्याकडे नियम आहे: शिक्का दिसला की ओरडायचं, आणि सगळ्यांनी मिळून कोणत्या इफेक्टमुळे तो आला ते शोधायचं.

खरी अडचण कॉम्प्युटरची आहे. रिझॉल्व्ह जड आहे आणि हे कोणापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विंडोजसाठी कंपनी स्वतःच १६ जीबी रॅम सांगते आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. आमच्या ९ मुलांपैकी तिघांच्या घरी लॅपटॉप होते, त्यातल्या दोघांचे ८ जीबीचे. रिझॉल्व्ह उघडायचं, पण व्हिडिओ चालवला की चित्र अडखळत पुढे सरकायचं. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी तर दारच बंद. कोणी मला विचारलं, की गावातल्या, सोसायटीतल्या, शाळेतल्या मुलांना फिल्म बनवायला मदत करायची तर काय द्यावं, तर मी कॅमेरा म्हणत नाही. कॅमेरा त्यांच्या खिशात आहे. एक बऱ्यापैकी ताकदीचा कॉम्प्युटर आणि तो ठेवायला एक खोली द्या, जिच्या दाराची किल्ली मुलांना मागितल्यावर मिळेल. आमच्याकडे असा कॉम्प्युटर एका वाचकाने दिला. त्याचं ऑफिस बदललं, जुनं मशीन रिकामं होतं. त्या एका मशीनवर १४ महिन्यांत ७ फिल्म पूर्ण झाल्या.

अशक्त मशीनवर काम रेटायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही मोफत आवृत्तीत मिळतात. एक म्हणजे प्लेबॅक मेनूतून टाइमलाइन, म्हणजे क्लिप क्रमाने मांडलेली पट्टी, अर्ध्या किंवा पाव रेझोल्यूशनवर चालवायची. दिसायला थोडं धूसर दिसतं, बाहेर पडणारी फाइल मात्र पूर्ण दर्जाची असते. दुसरा प्रॉक्सीचा. मोठ्या क्लिपच्या हलक्या प्रती बनवायच्या, एडिटिंग त्यांच्यावर करायचं आणि शेवटी मूळ क्लिपवरून फाइल काढायची. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो. आम्ही ते काम लावून खाली वाचायला जातो.

पहिल्या दिवशी मी मुलांना सातही पानं दाखवली. ती चूक होती. कलरच्या पानावरची चाकं आणि फ्यूजनमधली जाळी पाहून एक मुलगी म्हणाली, "मावशी, हे मला जमणार नाही," आणि ती वही आवरायलाच लागली. दुसऱ्या खेपेपासून मी वर्कस्पेस मेनूत जाऊन चार पानं लपवून ठेवते. मीडिया, एडिट, डिलिव्हर एवढीच उरतात. पहिली फिल्म या तीन पानांवरच. दुसऱ्या फिल्मच्या वेळी फेअरलाइट उघडायचं. कलर त्यानंतर. फ्यूजन ज्याला हवं त्याने स्वतः शोधावं. आमच्याकडे एकाने शोधलं आणि तो आता आम्हा सगळ्यांना शिकवतो.

शिकवण्याच्या साहित्याबद्दल सांगायला हवं. कंपनीच्या संकेतस्थळावर पूर्ण प्रशिक्षण पुस्तकं आणि त्यांतल्या धड्यांसाठी लागणाऱ्या क्लिप मोफत मिळतात. पुस्तकं चांगली आहेत, क्रमाने नेणारी आहेत. पण आमची निम्मी मुलं इंग्रजी परिच्छेद वाचताना थकतात आणि थकलेलं मूल एडिटिंग करत नाही. म्हणून आम्ही भिंतीवर एक कागद लावला आणि आपले शब्द लिहिले. ब्लेडला कात्री. चित्र आणि आवाज एकत्र बांधणाऱ्या लिंकच्या चिन्हाला साखळी. रिपल डिलीटला "काढा आणि सरकवा". मार्करला खूण. जे, के, एल या तीन कळांना मागे, थांब, पुढे. आता एक जण ओरडतो, "साखळी सोड, मग कात्री मार," आणि दुसऱ्याला बरोबर कळतं. हा कागद बनवायला एक दुपार लागली. शब्द मुलांनीच सुचवले, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकले.

दोन गोष्टी आधी सांगितल्या नाहीत तर रडारड होते. पहिली फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. फोनची क्लिप ३० ची असते, कोणाची २५ ची, कोणाचा फोन उजेडाप्रमाणे मनानेच फ्रेम रेट खालीवर करतो आणि मग लांब शॉटमध्ये ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटत जातो. टाइमलाइनवर काम सुरू झालं की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही. म्हणून शूटिंगच्या आधी एकच आकडा ठरवायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. याच कंपनीचं ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फोनसाठीचं मोफत अॅप यात मदत करतं. आयफोनसाठी ते २०२३ मध्ये आलं, अँड्रॉइडच्या निवडक फोनसाठी २०२४ मध्ये. त्यात फ्रेम रेट, शटर आणि व्हाइट बॅलन्स पक्के करून ठेवता येतात. चेहरा खिडकीपाशी गेला की आपोआप निळा पडणं त्यामुळे थांबतं. फोन यादीत नसेल तर निदान एक्स्पोजर आणि फोकस बोटाने दाबून लॉक करायला शिकवा.

दुसरी गोष्ट फाइलींची. रिझॉल्व्ह क्लिप स्वतःच्या पोटात घेत नाही. त्या कुठे ठेवल्या आहेत एवढंच लक्षात ठेवतं. पेन ड्राइव्हवरून थेट एडिटिंग केलं आणि घरी जाताना ड्राइव्ह काढून नेला, की पुढच्या वेळी टाइमलाइनवर सगळं लाल आणि "मीडिया ऑफलाइन". आमच्याकडे हे पहिल्या दोन महिन्यांत तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मुलांना वाटलं की फिल्म गेली. गेलेली नसते, ड्राइव्ह जोडून क्लिप पुन्हा दाखवून दिल्या की परत येते. पण तो घाबरलेला चेहरा मला पुन्हा पाहायचा नव्हता. आता प्रत्येक फिल्मला एक फोल्डर, त्यात क्लिप, आवाज, संगीत, फोटो, सगळं आधी कॉपी आणि मगच एडिटिंग. काम संपलं की प्रोजेक्ट आर्काइव्ह करायचं, त्यात टाइमलाइनसोबत क्लिपही एकत्र बांधल्या जातात. प्रोजेक्ट बॅकअप चालू आहे का, हे सेटिंगमध्ये जाऊन मी स्वतः पाहते.

हे साधन मी का धरून ठेवलं, ते मात्र एका फिल्ममुळे.

आमच्या गटात एक सोळा वर्षांची मुलगी आहे. तिचा भाऊ अडखळत बोलतो. घरच्या एका कामासाठी त्याला एक फोन करायचा होता, तो पंधरा दिवस टाळत होता. बहिणीने त्याला विचारून, त्याच्या होकाराने, त्या फोनची तयारी आणि शेवटी तो फोन असं सगळं चित्रित केलं. आरशासमोर बोलून पाहणं, कागदावर वाक्यं लिहिणं, नंबर लावून कट करणं. चाळीस मिनिटांचं फुटेज होतं. तिने पहिला कट आणला तो चार मिनिटांचा होता आणि खूप नेटका होता. भावाच्या बोलण्यातला प्रत्येक थांबा तिने कात्रीने काढून टाकला होता. "काढा आणि सरकवा" तिला नुकतंच आलं होतं आणि तिने ते मन लावून वापरलं होतं. मी तोंडभर कौतुक केलं. दोन थांबे राहिले होते, ते माऊस हातात घेऊन मीच काढून दिले.

तिने ती फिल्म भावाला दाखवली. तो म्हणाला, "हा मी नाही."

पुढच्या रविवारी ती आली आणि तिने कोणाशीही न बोलता टाइमलाइनची प्रत काढली. जुनी तशीच ठेवली, नावापुढे १ लिहिलं. नव्या प्रतीत एकेका कटचं टोक धरून ओढत गेली आणि कापलेला प्रत्येक थांबा परत आणला. रिझॉल्व्हमध्ये कापलेलं फेकलं जात नाही. मूळ क्लिप अखंड असते, तुम्ही फक्त तिचा कोणता भाग दाखवायचा ते ठरवता. हे आजच्या कोणत्याही चांगल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतं. पण मी त्या दिवशी तिच्या मागे उभी राहून ते पाहिलं आणि टेपवरची माझी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. किती थांबे मी परत आणू शकले नसते.

तिने सगळे थांबे तसेच ठेवले असंही नाही. एका ठिकाणी तिने वेगळंच केलं. भाऊ एका शब्दावर अडकतो, तेव्हा चित्र त्याच्या चेहऱ्यावरून हलवून टेबलावरच्या त्याच्या बोटांवर नेलं. आवाज मात्र तसाच पुढे चालू ठेवला. साखळी सोडली, चित्राचं टोक मागे ओढलं, आवाजाला हात लावला नाही. बोटं टेबलाची कड धरतात, शब्द येत नाही, येत नाही, आणि मग येतो. अकरा सेकंद. पडद्यावर दाखवलं तेव्हा ३४ खुर्च्या भरल्या होत्या आणि त्या अकरा सेकंदांत एकही खुर्ची हलली नाही. नवा कट साडेसहा मिनिटांचा झाला. भाऊ मागच्या रांगेत बसला होता. दिवे लागल्यावर तो उभा राहिला, म्हणजे लोकांना कळावं की तो तोच.

तिच्या हातून माऊस घेतल्याचं मला अजून लागतं. त्या दिवसापासून आमच्या खोलीत नियम आहे, की माऊस ज्याची फिल्म त्याच्याच हातात. मोठ्यांनी दोन्ही हात मागे बांधून बोलायचं. हे लिहिण्यामागचं एक कारण तेही आहे. रिझॉल्व्हमध्ये मोठ्या माणसाला मदत करण्याचा मोह फार होतो. इतकी बटणं, इतके तक्ते, मूल चाचपडतं आहे आणि आपल्याला येतं. तेवढ्यात त्याची फिल्म आपली होऊन जाते.

मदत करायचीच असेल तर करण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. क्लिपची नोंद करणं, प्रॉक्सी लावणं, आवाज रेकॉर्ड करणं, ज्यांचे चेहरे दिसतात त्यांची आणि लहान असतील तर त्यांच्या आईवडिलांची लेखी परवानगी घेणं. फाळक्यांच्या काळात कच्च्या फिल्मला कडेची छिद्रंही घरी पाडावी लागत. ते काम आणि फिल्म धुण्याचं काम रात्री अंधारात बसून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. मुलांसोबत बसताना मला त्यांची आठवण येते.

आवाजाबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण नवख्यांच्या फिल्म चित्रामुळे क्वचित पडतात, आवाजामुळे नेहमी पडतात. आमचा सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय असा: चित्र एका फोनवर आणि आवाज दुसऱ्या फोनवर. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या शर्टच्या खिशात, रेकॉर्डिंग चालू. शॉटच्या सुरुवातीला एक टाळी. नंतर रिझॉल्व्हमध्ये दोन्ही क्लिप निवडून ऑटो सिंक ऑडिओ करायचं आणि वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या लाटांच्या चित्रावरून, जुळव म्हणायचं. ते दोन्हीकडचा आवाज ताडून बघतं आणि जुळवतं. मोफत आवृत्तीत हे आहे. बहुतेक वेळा पहिल्याच फटक्यात जुळतं, नाही जुळलं तर टाळीचा टोकदार उंचवटा डोळ्यांनी शोधून हाताने जुळवता येतो. शिवाय प्रत्येक खोलीत शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी तीस सेकंद गप्प बसून त्या खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. संवादांच्या मध्ये भोकं पडतात, ती याच आवाजाने बुजवायची. फेअरलाइटच्या पानावर प्रत्येक ट्रॅकला सहा बँडचा इक्वलायझर आहे, त्याने खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करता येतात. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं की पंख्याची आणि रस्त्याची घरघर बरीच जाते आणि माणसाच्या बोलण्याला धक्का लागत नाही. मुलांना हा बदल कानाला हेडफोन लावून ऐकवा. आमच्यातली वही आवरून निघालेली मुलगी हा फरक ऐकूनच थांबली. आज गटातल्या सगळ्या फिल्मचा आवाज ती बघते.

संगीताबाबत मुलं पहिल्या झटक्यात आवडीचं गाणं उचलून टाकतात. मी अडवते. गाणं दुसऱ्या कोणाचं आहे, त्याची परवानगी आपल्याकडे नाही आणि इंटरनेटवर टाकल्यावर फिल्मचा आवाज बंद होऊ शकतो. याहून महत्त्वाचं म्हणजे गाणं आलं की प्रेक्षक त्या गाण्याच्या आठवणीत जातो, फिल्ममधून बाहेर पडतो. परवाना मोकळा असलेलं संगीत मिळतं, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतही आहे. आमच्या दोन फिल्मना गटातल्याच एकाने पेटीवर चार सूर वाजवून दिले आणि ते मला सगळ्यात आवडले.

कलरच्या पानावर या सॉफ्टवेअरची खरी दौलत आहे आणि तिथेच मी सगळ्यात कमी वेळ घालवू देते. दोन शॉट एकाच संध्याकाळचे वाटावेत एवढं आलं की पुरे. त्यासाठी डोळ्यांपेक्षा आलेखांवर विश्वास ठेवायला शिकवते, कारण प्रत्येकाचा पडदा वेगळा असतो. वेव्हफॉर्म आणि परेड हे उजेडाचे आणि रंगांचे आलेख वाचता आले की कुठे उजेड जळला आहे, कुठे निळं वाढलं आहे ते दिसतं. वेक्टरस्कोप या रंगछटांच्या गोल आलेखात त्वचेच्या रंगाची एक रेषा दाखवता येते. सावळ्या आणि गोऱ्या, दोन्ही चेहऱ्यांचा रंग त्याच रेषेच्या आसपास पडतो. हे पाहिल्यावर "मावशी, मला थोडा गोरा कर" ही मागणी आमच्याकडे बंद झाली.

सबटायटल हाताने लिहावी लागतात. वेळ जातो, पण मी ते चांगलंच मानते. आपल्या पात्रांचं प्रत्येक वाक्य लिहून काढताना कोणतं वाक्य नको होतं ते मुलांना आपोआप कळतं. सबटायटलचा ट्रॅक वेगळा ठेवता येतो आणि त्याची वेगळी फाइलही काढता येते. ज्यांना ऐकू येत नाही तेही आमच्या प्रेक्षकांत असतात, त्यामुळे सबटायटलशिवाय फिल्म लावायची नाही, हे ठरलेलं आहे. फॉन्ट निवडताना जोडाक्षरं आणि रफार नीट पडतात का, ते पूर्ण पडद्यावर एकदा पाहून घ्या.

डिलिव्हरच्या पानावर आम्ही एमपी४ आणि एच.२६४ एवढंच वापरतो. बाहेर आलेली फाइल दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या स्पीकरवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहिल्याशिवाय कोणालाही पाठवायची नाही. शिक्क्याचा प्रसंग यामुळेच टळला असता.

तर कोणी घ्यावं? मशीन असेल, आठवड्यातून तीन तास सलग बसणारा एक मोठा माणूस असेल आणि मुलं निदान तेरा वर्षांची असतील, तर दुसरं काही शोधू नका. दहा वर्षांच्या मुलांना हे देऊ नका, त्यांना फोनवरच साधं कापणं-जोडणं करू द्या. फक्त शिक्का येतो का, हे आधी तपासा. मशीन नसेल तर आधी मशीनची सोय बघा, नाहीतर अडखळणाऱ्या चित्रामुळे मुलांना वाटतं की कमी आपल्यात आहे. आणि सॉफ्टवेअर उतरवायच्या आधी फिल्म दाखवायची तारीख ठरवा. आमच्या सातपैकी सहा फिल्म तारखेमुळे पूर्ण झाल्या. दाखवून झाल्यावर प्रेक्षकांना आम्ही एकच गोष्ट विचारतो: तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगा. काय करायला हवं होतं ते कोणी सांगायचं नाही. ते मुलं स्वतः ओळखतात आणि टाइमलाइनची नवी प्रत काढतात.

चिठ्ठीवाला मुलगा चौथ्या रविवारी आला होता. मी त्याला रिझॉल्व्ह दाखवलं, त्याने फोन जोडला, पण जागा करायला त्याने निम्म्या क्लिप पुसून टाकल्या होत्या. चिठ्ठीचा शॉटही त्यात गेला होता. पुन्हा शूट करायचं ठरलं, परीक्षा आल्या, महिने गेले आणि दरम्यान नायकाचा आवाज फुटला. आता जुन्या शॉटमध्ये तो एका आवाजात बोलतो आणि नव्यात दुसऱ्या. मुलाने तीन आठवडे त्यावर विचार केला. गेल्या रविवारी त्याने शेवटच्या दृश्यातले सगळे संवाद काढून टाकले आणि कागदाची घडी उघडल्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायला बसला. पंधरा वेळा केला. सोळाव्यांदा त्याला हवा तसा मिळाला.